त्रुटी : एका शब्दाची दोन मापे

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तरेकडील दारावर आतल्या बाजूला एक शिलालेख आहे. वालधुनीच्या काठचे हे देऊळ पाहायला येणाऱ्यांचे लक्ष बहुधा बाहेरच्या शिल्पांवर खिळते आणि आतल्या अंधारात या ओळी वाचायला कोणी थांबत नाही. आम्हीही अनेक वर्षे थांबलो नव्हतो. आता मात्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गेलो की पाय तिकडे वळतात. त्याचे कारण लेखाच्या मजकुरात कमी आणि त्याच्या वाचनाच्या इतिहासात अधिक आहे. त्या इतिहासात एक त्रुटी आहे, आणि ती शोधता शोधता आम्ही दुसऱ्याच एका त्रुटीपाशी जाऊन पोहोचलो. पहिली दोष या अर्थाची. दुसरी, काळाचे एक अतिसूक्ष्म माप या अर्थाची. मराठीत आज पहिलाच अर्थ उरला आहे. दुसऱ्या अर्थाबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले जाते. पण जे बोलले जाते ते तपासून घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम पहिल्या त्रुटीबद्दल. हा लेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या नजरेस आला आणि त्याचे पहिले वाचन केले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. व्यवसायाने वैद्य, वृत्तीने संशोधक, आणि त्या काळच्या मुंबईतील विद्याव्यवहाराचे एक आधारस्तंभ. त्यांनी लेखातील शकाचा आकडा ७८२ असा वाचला, म्हणजे इसवी सन ८६०. काही काळ तोच आकडा अभ्यासकांच्या लेखनात रूढ राहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासला आणि आकडा ९८२ असल्याचे दाखवले. म्हणजे इसवी सन १०६०. लेखात नाव येते ते शिलाहारवंशीय महामंडलेश्वर मांवाणिराजाचे, ज्याला मुम्मुणी असेही म्हणतात. त्याचा वडील भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८चा आहे, तेव्हा कालक्रमही भगवानलालांच्याच वाचनाशी जुळतो. एका अंकाच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षांनी जुने झाले होते. ते पुन्हा आपल्या जागी आले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भगवानलाल हे जुनागढहून १८६१ साली मुंबईत आले ते भाऊ दाजींचे साहाय्यक म्हणून. त्यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले, नाणी जमवली. ज्याच्या हाताखाली ते शिकले त्याच्याच वाचनातील चूक त्यांनी दुरुस्त केली. यामुळे भाऊ दाजींचे मोठेपण कमी झाले असे कोणी मानले नाही, आणि मानण्याचे कारणही नव्हते. पहिले वाचन झाले नसते तर दुरुस्त करायला काही उरलेच नसते.

आता दुसऱ्या त्रुटीकडे जाणारी वाट. तीही भाऊ दाजींपासूनच निघते. १८६५ साली त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील भवानीच्या देवळातल्या शिलालेखाची माहिती होती. शके ११२८च्या या लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे, विशेषतः ‘सिद्धान्तशिरोमणी’चे, अध्ययन चालावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेव राजाने त्या मठाला जे दान दिले त्याचा तपशील या संस्कृत लेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत दिला आहे, आणि म्हणूनच आपल्या भाषेच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा लेख परिचयाचा असतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल दिले आहे. आम्ही हा लेख आजवर मराठी गद्याचा एक जुना नमुना म्हणून वाचत आणि शिकवत आलो. त्या पळीभर तेलाच्या उजेडात काय वाचले जात होते, हे पाहण्याचे मात्र राहून गेले.

तेथे जे वाचले जात होते त्यात काळाच्या विभागांचे एक कोष्टकही होते. शके १०७२मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. अंबरनाथच्या लेखानंतर अवघ्या नव्वद वर्षांनी. त्याच्या गणिताध्यायात आरंभीच काळाची मापे येतात. पापणी लवण्याचा काळ म्हणजे निमेष. अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांची एक घटिका, दोन घटिकांचा एक क्षण किंवा मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचा अहोरात्र. ही झाली वर जाणारी शिडी. खाली उतरणारी शिडी अशी : निमेषाचा तिसावा भाग म्हणजे तत्पर, आणि तत्पराचा शंभरावा भाग म्हणजे त्रुटी.

हे गणित कोणालाही कागदावर करता येईल. अहोरात्रात ९,७२,००० निमेष होतात. आपला अहोरात्र ८६,४०० सेकंदांचा. तेव्हा एक निमेष सेकंदाच्या अकराव्या भागाहून किंचित लहान. त्याला आधी तीसने आणि मग शंभराने भागले की त्रुटी येते : सेकंदाचा ३३,७५०वा भाग. आजच्या भाषेत जवळजवळ तीस मायक्रोसेकंद. या अवधीत प्रकाश सुमारे ८.९ किलोमीटर जातो. अंबरनाथ स्थानकापासून बदलापूर स्थानक रुळांच्या मार्गाने साधारण आठ किलोमीटर आहे. म्हणजे अंबरनाथहून निघालेला प्रकाश एका त्रुटीत बदलापूर ओलांडून थोडा पुढे गेलेला असेल. फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असताना हा हिशेब मनात केला, तर त्रुटी किती लहान ते कळते. आणि प्रकाशाच्या मानाने ती किती मोठी तेही कळते.

इथपर्यंत सारे निर्विवाद आहे. पुढचे नाही. गेली कित्येक वर्षे भाषणांतून, स्मरणिकांतून, शाळांच्या फलकांवरून एक विधान आपल्या कानांवर येत आहे. आमच्या पूर्वजांना सेकंदाचा ३३,७५०वा भाग मोजता येत होता. पाश्चात्त्यांना ते विसाव्या शतकात जमले. साहित्याच्या वर्गातही ते येते. ‘निमिष’, ‘लव’, ‘पळ’ अशा शब्दांची चर्चा निघाली की कोणी विद्यार्थी अभिमानाने हा आकडा सांगतो आणि शिक्षकापुढे पेच उभा राहतो. मान डोलवावी तर असत्याला साथ दिल्यासारखे होते. नाकारावे तर आपल्या परंपरेचा उपहास केल्यासारखे दिसते. हा पेच आम्ही स्वतः अनुभवला आहे आणि त्या वेळी आम्ही विषय बदलला, हेही कबूल केले पाहिजे. हा लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची भरपाई आहे.

मोह किती जबर आहे हे समजण्यासाठी उल्हासनगरच्या बाजारात जावे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. त्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव दिले गेले आणि छावणीची बाजारपेठ झाली. अशा कोणत्याही बाजारपेठेत मिळणारे स्वस्तातले काट्यांचे घड्याळ घ्या. त्याच्या पोटात गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा, क्वार्ट्झचा, दुबेळक्यासारखा छोटा तुकडा असतो. विजेचा स्पर्श झाला की तो थरथरतो : सेकंदाला ३२,७६८ वेळा. म्हणजे त्याच्या एका थरथरीला सेकंदाचा ३२,७६८वा भाग लागतो. भास्कराचार्यांची त्रुटी सेकंदाचा ३३,७५०वा भाग. दोहोंत शंभरात तिनांचाच फरक! हे ध्यानात आले तेव्हा आम्हीही क्षणभर थबकलो. मनगटावरच्या घड्याळात त्रुटी धडधडते आहे, असे एक वाक्यही मनात तयार झाले. एखाद्या भाषणाचा शेवट करायला ते फार सोयीचे होते.

पण ते वाक्य खोटे आहे. घड्याळातला आकडा ३२,७६८ आहे, कारण तो दोनचा पंधरावा घात आहे. त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो आणि काटा सेकंदाला एकदा पुढे सरकतो. त्रुटीचा आकडा अठरा, तीस आणि शंभर यांच्या गुणाकारातून आलेला आहे. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले दोन प्रवासी एका फाट्यावर योगायोगाने जवळ आले, एवढाच याचा अर्थ. शिवाय सेकंद हे मापही बाहेरून आलेले. भास्कराचार्यांच्या कोष्टकात ते नाहीच.

याहून भक्कम पुरावा परंपरेतच आहे. त्रुटी ही एकच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन त्रुटींचा एक लव, दोन लवांचा एक निमेष, पाच निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची कला आणि चाळीस कलांची नाडिका, असे मान आहे. नाडिका चोवीस मिनिटांची धरली तर ही त्रुटी सेकंदाच्या शंभर भागांतील सहा भाग इतकी मोठी होते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातील कोष्टक आणखी निराळे. त्यात शंभर त्रुटींचा एक वेध, तीन वेधांचा एक लव आणि तीन लवांचा एक निमेष. ती त्रुटी भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या सोळापट भरते, तर कौटिल्याची २,०२५ पट. निमेषाचेही तेच. मनुस्मृतीतील निमेष भास्कराचार्यांच्या निमेषाच्या बरोबर दुप्पट आहे. जे माप प्रत्यक्ष मोजले जाते त्यात असा हजारोपटींचा फरक राहू शकत नाही. बाजारात दोन शेर वापरले जाऊ लागले तर दुसऱ्याच दिवशी भांडण होते. दिवस आणि घटिका यांच्याबद्दल या सर्व ग्रंथांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते पापणीच्या आसपास, आणि पापणीच्या खाली गेले की ते वाढतात. म्हणजे जेथपर्यंत साधन पोहोचत होते तेथपर्यंत एकवाक्यता, पुढे प्रत्येकाची आपली भागणी.

साधन होते ते घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. आपल्याकडच्या लग्नांत मुहूर्ताची घटका अशीच मोजली जाई, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार अजून जिवंत आहे, वाटी दिसेनाशी झाली तरी. घटकेचा साठावा भाग पळ, म्हणजे चोवीस सेकंद. पळाचा साठावा भाग विपळ, म्हणजे दोन पंचमांश सेकंद. वाटीच्या तळातून आत येणाऱ्या पाण्याकडे पाहत पळाचा अंदाज करता येईल. त्रुटीचा कसा करणार?

मग भास्कराचार्यांनी ती सांगितली कशाला? आमच्या मते खरा रस या प्रश्नात आहे. आणि बढाई मारणारे व थट्टा करणारे दोघेही नेमका हाच प्रश्न विचारत नाहीत.

उत्तराचा एक धागा ‘सूर्यसिद्धान्ता’त सापडतो. त्या ग्रंथाने काळाचे दोन वर्ग केले आहेत. प्राणापासून पुढचा काळ मूर्त, आणि त्रुटी इत्यादी काळ अमूर्त. प्राण म्हणजे एका श्वासोच्छ्वासाचा अवधी, आजच्या हिशेबाने चार सेकंद. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका. श्वासापासून वरचा काळ व्यवहारात धरता येतो, त्याला मूर्ती आहे. श्वासाच्या खालचा काळ आहे. पण तो हातात येत नाही. पूर्वजांनी स्वतः ही रेघ आखून ठेवली होती. त्रुटी मोजता येते असा दावा त्यांनी केलाच नाही. त्यांनी तिला अमूर्त म्हटले. तो दावा आपण त्यांच्या तोंडी घातला.

दुसरा धागा भास्कराचार्यांच्या गणितात आहे. ग्रह आज येथे आणि उद्या तेथे असेल, तर दिवसभराची सरासरी गती काढता येते. पण चंद्र चपळ आहे. त्याची गती दिवसातही बदलत राहते. तिथी कोणत्या घटकेला संपते हे नेमके काढायचे तर सरासरी पुरत नाही, त्या वेळेपुरती गती हवी. तिला भास्कराचार्य तात्कालिकी गती म्हणतात, आणि ती काढण्याची रीत देताना ज्येतील अल्प बदल कोटिज्येच्या प्रमाणात होतो, हे ते वापरतात. काळाचा तुकडा जितका लहान घ्यावा तितकी गती खरी, हा विचार त्यामागे आहे. पुढे युरोपात ज्याला कलनशास्त्र म्हटले गेले त्याच्या उंबरठ्यावरचा हा विचार असल्याचे गणिताच्या इतिहासकारांनी मान्य केले आहे. ज्याला विचारात काळाचा तुकडा हवा तितका लहान करता येतो, त्याच्या कोष्टकात त्रुटी असणे साहजिकच. ती पाण्याच्या वाटीतून आली नाही, भागाकारातून आली. आणि या भागाकाराचा भास्कराचार्यांना संकोच नव्हता. गोलाध्यायातील यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, चाप अशी यंत्रे सांगून झाल्यावर ते धीयंत्राचे नाव घेतात. धी म्हणजे बुद्धी. सर्व यंत्रांत खरे यंत्र तेच, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्रुटी मोजली गेली असेल तर ती या यंत्राने.

साहित्याच्या अभ्यासकांनी या मापांच्या नावांकडेही पाहावे. प्राण श्वासाचा, निमेष डोळ्याचा. लव या शब्दामागे कापणे आहे, त्रुटीमागे तुटणे. शरीरापासून सुरुवात करून, शरीर संपले की काळाचे काप करायचे, असा हा क्रम दिसतो. निमेष हे तर खास मर्त्यांचे माप. देव अनिमिष असतात, त्यांची पापणी लवत नाही. नळाच्या रूपात स्वयंवराला आलेल्या देवांमधून दमयंतीने खरा नळ ओळखला तो ज्या खुणांवरून, त्यांत ही एक होती. ज्याला पापणी नाही त्याला निमेष नाही. काळ तोडून मोजण्याची गरज ज्याचा काळ संपणार आहे त्यालाच पडते. रघुनाथ पंडितांचे आख्यान शिकवताना आम्ही हा प्रसंग अनेकदा समजावून दिला. पण त्यात कालमापनाचा एक विचार दडला आहे, हे कोष्टके वाचल्यावरच उमगले.

आता अलीकडच्या इतिहासाकडे वळू. अमूर्त काळ मूर्त कसा झाला, याची ही हकिकत आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने घेतली आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे दाखवले. डोळ्याला न दिसणारा काळाचा काप तेव्हा पहिल्यांदा सर्वांसमोर आला. १९४९च्या सुमारास केंब्रिजमध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाच्या लखलखाटाने रासायनिक क्रिया सुरू करून तिच्या मधल्या अवस्था टिपल्या, आणि ही वाट पुढे मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या प्रदेशात गेली. १९६० नंतर लेसर आले. अहमद झेवैल यांनी फेम्टोसेकंदांच्या लेसर-स्पंदांनी रेणूंमधील बंध तुटताना पाहिले. त्याबद्दल त्यांना १९९९चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ साली ॲटोसेकंदांचे स्पंद प्रत्यक्ष मोजले गेले, आणि त्या कामासाठी २०२३चे भौतिकशास्त्राचे नोबेल पिएर ॲगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि ॲन लुइलिए यांना मिळाले. आपल्या या लोकलच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही फेम्टोसेकंदांच्या लेसरांवर संशोधन होते.

इतका लहान काळ मोजणारे घड्याळ कोठून आणायचे? गंमत अशी की तसे घड्याळ नसतेच. प्रकाशाचा एक स्पंद दुभागतात. एक भाग थेट पाठवतात, दुसऱ्याला आरशांवरून थोडा लांबचा रस्ता देतात. पहिला भाग क्रिया सुरू करतो, दुसरा उशिरा पोहोचून तिचे चित्र घेतो. रस्ता एका मिलिमीटरच्या दहा हजार भागांतील तीन भागांनी लांबवला की उशीर होतो एका फेम्टोसेकंदाचा. काळ येथे अंतराने मोजला जातो. अंबरनाथ ते बदलापूर म्हणजे जवळजवळ एक त्रुटी, असे आपण वर म्हटले ते याच रीतीने. शंकूची सावली मापून वेळ सांगणाऱ्या जुन्या ज्योतिष्याला ही युक्ती परकी वाटली नसती.

फेम्टो आणि ॲटो ही उपपदे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६४मध्ये स्वीकारली गेली. डॅनिश भाषेत पंधराला आणि अठराला जे शब्द आहेत त्यांवरून ती घेतली आहेत. एकावर पंधरा शून्ये मांडून सेकंदाचे तितके भाग करा, त्यातला एक फेम्टोसेकंद. अठरा शून्ये मांडली की ॲटोसेकंद. येथे पापणी नाही, श्वास नाही, तुटणे नाही. नुसता शून्यांचा हिशेब आहे. पण हिशेबालाही आपल्याकडे नावे होती. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दशगुणोत्तर स्थानांची जी यादी दिली आहे तिच्यात पंधरा शून्यांच्या संख्येला अंत्य म्हटले आहे, आणि सतरा शून्यांच्या परार्धावर ती यादी थांबते. म्हणजे फेम्टोसेकंद हा सेकंदाचा अंत्यांश. आणि सेकंदाच्या परार्धांशाचे पुन्हा दहा भाग केले तर एक ॲटोसेकंद. भास्कराचार्यांच्या एका त्रुटीत असे सुमारे तीस लाख कोटी ॲटोसेकंद मावतात. विश्वाच्या जन्मापासून आजवर जेवढे सेकंद उलटले त्यांच्या दुपटीहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात असतात.

मग आज अमूर्त काळ उरलाच नाही काय? उरला आहे. २०२० साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी हायड्रोजनचा एक रेणू ओलांडायला प्रकाशाला लागणारा काळ मोजला : २४७ झेप्टोसेकंद, म्हणजे ॲटोसेकंदाचा जेमतेम चौथा भाग. मोजमापाची रेघ सध्या या प्रदेशात आहे. पण तिच्या कितीतरी खाली विज्ञानाने आणखी एक माप नावासह ठेवून दिले आहे. १८९९ साली मॅक्स प्लांक यांनी निसर्गातील स्थिरांक एकमेकांशी गुणून-भागून काळाचे एक एकक काढले. दशांशचिन्हानंतर त्रेचाळीस शून्ये लिहून मग पाचाचा आकडा येतो, इतके ते लहान आहे. ते कोणी मोजलेले नाही. ते भागाकारातून आले आहे. तरीही भौतिकशास्त्रज्ञ त्याला निरर्थक मानत नाहीत. विचार कोठवर नेता येतो आणि कोठे आपले आजचे सिद्धान्त अपुरे पडतात, हे त्यावरून कळते. ‘सूर्यसिद्धान्ता’च्या परिभाषेत ही आजची त्रुटी होय, आणि तीही धीयंत्रानेच मोजलेली आहे.

त्या विद्यार्थ्याला आज आम्ही काय उत्तर देऊ? आम्ही सांगू की आकडा बरोबर आहे, कोष्टक खरे आहे, आणि ते आपल्याच मुलखात, घाण्यामागे पळी पळी तेल देऊन, शिकवले जात होते. त्रुटी कोणी मोजत नव्हते. मोजता येत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि ते त्यांनी लिहून ठेवले. ज्याला मापता येत नाही त्याला नाव द्यावे, त्याची जागा ठरवावी, त्याच्या आधाराने मापता येणाऱ्याचे गणित अधिक नेमके करावे. आणि तरीही त्याला अमूर्तच म्हणावे. हा प्रामाणिकपणा तीस मायक्रोसेकंदांच्या आकड्याहून दुर्मीळ आहे. आपण त्यावर खोट्या यंत्रांचा मुलामा चढवला तर तो झाकला जातो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ मराठीत लिहिला तेव्हा अभिमान आणि पुरावा ही दोन्ही पारडी त्यांनी सांभाळली होती. तो ग्रंथ आपल्या ग्रंथालयांत आहे; विद्यार्थ्याच्या हाती तो द्यावा, हे अधिक बरे.

मागच्या खेपेला अंबरनाथच्या देवळातून निघताना आम्ही सहज एक हिशेब केला. भाऊ दाजींच्या वाचनातील त्रुटी दोनशे वर्षांची. भास्कराचार्यांच्या मानाने तिच्यात दोनशे तेरा लाख कोटी त्रुटी भरतात. एवढी मोठी चूक, आणि ती दुरुस्त व्हायला लागला एका अंकाकडे पुन्हा पाहण्याइतका वेळ. मात्र पुन्हा पाहणारा कोणी असावा लागला. तो भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेला होता. आपण शिकवलेल्या मुलांपैकी कोणी उद्या आपल्याही वाचनात एखादा सात पुसून नऊ लिहिला, तर त्याला वाट करून देण्याएवढी आमची तयारी असावी, एवढेच मनाशी म्हणत आम्ही स्थानकाकडे निघालो. बदलापूरहून येणारी गाडी चार मिनिटे उशिरा होती.